प्रतिकारशक्ती वाढवायची की दाबायची?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या पतींचं वय ५१. चार महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. व्यसन नाही, शुगर नाही, बीपी नाही, कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट ‘नॉर्मल’. अटॅकच्या पाच-सहा दिवस आधी त्यांना सणसणून ताप आणि खोकला झाला होता. ‘एवढ्यातेवढ्याला डॉक्टर कशाला, उतरेल दोन दिवसांत,’ असं ताईच म्हणाल्या होत्या आणि ते वाक्य त्यांना अजून झोपू देत नाही. यांची प्रतिकारशक्ती कमी पडली असा अर्थ लावून त्या गेले तीन महिने पतींना प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरी आणि कॅप्सूल देत आहेत. मधल्या काळात पतींनी वाचलं की हार्ट अटॅकमागे प्रतिकारशक्तीच्याच पेशी असतात. त्यांनी आपणहून सीआरपीची (शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची) तपासणी करून घेतली, आकडा ४.८ आला. तेव्हापासून ते पावडरीला हात लावत नाहीत, ‘तू माझ्या शत्रूलाच खायला घालतेस’ म्हणतात. दाह (इन्फ्लमेशन, म्हणजे आतली सूज) कमी व्हावा म्हणून गुडघेदुखीसाठी घरात असलेली आयब्युप्रोफेनची वेदनाशामक गोळी रोज घेतात. ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे तर कशाला’ म्हणून स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी पंधरा दिवसांपासून बंद केली आहे. डॉक्टरांनी सुचवलेली फ्लूची लस ‘पेशी आणखी खवळतील’ म्हणून नाकारली आहे. ताई विचारतात: आमच्यात बरोबर कोण? आणि त्या तापात मी चुकले का?

ताई,

आधी दोन कामं करा, बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल. यजमानांना आयब्युप्रोफेन आजपासून थांबवायला सांगा. आणि ज्या डॉक्टरांनी स्टेंट बसवला त्यांना आजच कळवा की स्टॅटिन पंधरा दिवस बंद आहे आणि ही वेदनाशामक गोळी इतके दिवस घेतली गेली आहे. त्याच फोनवर आणखी एक खात्री करून घ्या. गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या, म्हणजे ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची दुसरी, नीट चालू आहेत ना? एक गोळी मनाने सोडणारा माणूस कधी कधी बाकीच्यांनाही कात्री लावतो आणि घरच्यांना सांगत नाही. स्टेंटला चारच महिने झालेले असताना त्या गोळ्यांमध्ये खंड पडणं फार धोक्याचं आहे.

आता तुमचा प्रश्न. तुमचं भांडण वरवर अगदी उलटसुलट दिसतं, पण तुम्ही दोघं एकाच समजुतीवर उभे आहात. प्रतिकारशक्ती ही सगळी मिळून एकच गोष्ट आहे आणि ती वर किंवा खाली करता येते, हे तुम्हा दोघांनाही मान्य आहे. वाद फक्त कुठल्या बाजूला न्यायची याचा. ही समजूतच मला तपासून बघावीशी वाटते, कारण तुमच्या घरातली प्रत्येक चूक तिच्यातूनच आली आहे.

यजमानांनी वाचलं ते खोटं नाही, हे आधी सांगते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीच्या अस्तराखाली एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचे कण शिरतात आणि अडकून बसतात. हे बहुतेकांमध्ये तरुणपणापासून हळूहळू चालू असतं. अडकलेले कण बिघडले की अस्तराच्या पेशी रक्तातून जाणाऱ्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना थांबवून आत घेतात. आत गेल्यावर मोनोसाइटची मॅक्रोफेज होते. मॅक्रोफेजचं काम साफसफाईचं, म्हणून ती ते कोलेस्टेरॉल गिळते. पण कोलेस्टेरॉल येतच राहिलं तर ती फुगते, सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसू लागते आणि तिथेच मरते. मेलेल्या पेशी आणि चरबी यांचा मऊ गाभा तयार होतो आणि त्यावर तंतूंचं एक आवरण धरतं. हाच प्लाक.

प्लाक नुसता असण्याने अटॅक येत नाही. अनेक माणसं तो बाळगून पूर्ण आयुष्य जगतात. त्या आवरणाचं पुढे काय होतं यावर सगळं ठरतं, आणि इथेच प्रतिकारशक्तीच्या पेशी घात करू शकतात. टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, इंटरफेरॉन गॅमा नावाचा निरोप सोडतात, त्यामुळे आवरणासाठी कोलॅजेन हे तंतूंचं प्रथिन बनवणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. त्याच वेळी मॅक्रोफेज कोलॅजेन तोडणारी एन्झाइम बाहेर टाकतात. एकीकडे नवं बनत नाही, दुसरीकडे होतं ते झिजतं. आवरण पातळ होत जातं आणि एक दिवस फाटतं. आतला गाभा रक्ताला लागला की गुठळी धरते आणि वाहिनी बंद होते. काही रुग्णांत आवरण फाटतही नाही, फक्त वरचं अस्तर सोलवटतं. तिथे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर फेकतात आणि त्यावर गुठळी पकड घेते.

‘नळी फारशी अरुंदही नव्हती, मग अटॅक कसा,’ असं पुष्कळ कुटुंबांना वाटतं. कारण हे आहे. वाहिनी किती अरुंद झाली यापेक्षा त्या जागी दाह किती आहे हे कित्येकदा जास्त महत्त्वाचं ठरतं. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विर्को यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच धमन्यांच्या या आजारात दाह पाहिला होता. तरी विसाव्या शतकात बराच काळ त्याच्याकडे नळीत साचलेला गाळ म्हणूनच पाहिलं गेलं. १९९९ मध्ये रसेल रॉस यांनी या आजाराला ठामपणे दाहाचा आजार म्हटलं, आणि त्यानंतर संशोधनाचा ओघ तिकडे वळला.

मग यजमान बरोबर? इथपर्यंत, हो. पण त्यांनी वाचायचं अर्ध्यावर सोडलं आहे.

अटॅक आल्यानंतर हृदयात काय होतं ते बघा. रक्त न मिळाल्याने स्नायूचा एक भाग मरतो. काही तासांत न्यूट्रोफिल तिथे पोहोचतात आणि मेलेला भाग फोडायला लागतात. त्यांच्या मागोमाग मोनोसाइट येतात. त्या केवळ अस्थिमज्जेतून येत नाहीत. प्लीहेत त्यांचा राखीव साठा असतो आणि अटॅकनंतर तो रक्तात उतरतो, हे २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. पहिले काही दिवस या पेशी आक्रमक असतात, मेलेलं सगळं उपसून काढतात. त्यानंतर त्यांचा स्वभाव पालटतो. दाह शमवणारे निरोप त्या सोडू लागतात, नव्या केशवाहिन्या फुटायला मदत करतात, कोलॅजेन बनवणाऱ्या पेशींना कामाला लावतात. पुढच्या काही आठवड्यांत मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट व्रण तयार होतो. पडक्या भिंतीचं काम काढावं तसंच हे. ढिगारा उपसणारे आधी आले नाहीत तर गवंड्याला उभं राहायला जागा नाही, आणि उपसणारे जायलाच तयार नसतील तर शेजारची धड भिंतही पडते.

दोन्ही टोकं घातक आहेत. दाह लांबला तर हृदय ताणून मोठं होतं आणि कमजोर पडतं. दाह वेळेआधी मोडला तर व्रण कच्चा राहतो. १९७० च्या दशकात अटॅकच्या रुग्णांना स्टिरॉइड देऊन दाह दाबायचा प्रयत्न झाला होता, आणि काही रुग्णांत हानी उलट वाढल्याचं दिसलं. उंदरांमध्ये अटॅकनंतर न्यूट्रोफिल काढून टाकले तर जखम नीट भरली नाही आणि हृदय जास्त दुबळं झालं. मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटतं ते वेगळंच: निरोगी हृदयातही मॅक्रोफेज मुक्कामाला असतात, आणि ठोक्याचा विद्युतसंदेश वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जातो त्या नाक्यावर त्या त्याला पुढे जायला मदत करतात. हे २०१७ मध्ये उंदरांच्या हृदयात दाखवलं गेलं. यजमान ज्यांना शत्रू म्हणतात, त्या पेशींचा हृदयाच्या रोजच्या ठोक्यात हात आहे. चार महिन्यांपूर्वी त्यांचं हृदय सांधलं तेही त्यांनीच.

आता त्यांची एकेक गोष्ट घेऊ.

आयब्युप्रोफेन. गुडघ्याचा दाह आणि हृदयाच्या वाहिनीतला दाह एकच, मग गोळीही एकच, हा त्यांचा हिशेब असणार. ऐकायला सरळ वाटतो, पण या गोळ्या ज्या वाटेवर काम करतात ती वेगळी आहे, आणि त्या वाटेवर त्या रक्त गोठण्याचा तोल बिघडवतात. याच मोठ्या गटातलं रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराचा धोका वाढतो म्हणून २००४ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं. शिवाय आयब्युप्रोफेन रक्तबिंबिकांवरच्या (प्लेटलेट) ज्या जागी बसते तिथेच ॲस्पिरिनला बसायचं असतं. ही आधी जाऊन बसली की ॲस्पिरिनचा उपयोग बराच घटू शकतो. डेन्मार्कमधल्या राष्ट्रीय नोंदींवरून केलेल्या अभ्यासात अटॅकनंतर गुठळीविरोधी औषधं घेणाऱ्यांनी अशा वेदनाशामक गोळ्या घेतल्यावर रक्तस्रावही वाढला आणि हृदयाच्या घटनाही, अगदी थोडे दिवस घेतल्या तरी. गुडघा दुखत असेल तर तो स्वतंत्र प्रश्न म्हणून डॉक्टरांपुढे ठेवा. त्यावर हृदयाला चालतील असे उपाय आहेत.

स्टॅटिन. ‘नॉर्मल’ या शब्दाने अनेकांना फसवलं आहे. रिपोर्टवरची मर्यादा सर्वसाधारण लोकांसाठी असते. अटॅक येऊन गेलेल्या माणसासाठी युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१९ मध्ये दिलेलं उद्दिष्ट दर डेसिलिटरला ५५ मिलिग्रॅमपेक्षा कमी एलडीएल आणि तेही मूळ आकड्याच्या निम्म्याखाली, असं आहे. आजारी वाहिनीसाठी ११० हा आकडाही जास्तच. आणि यजमानांना दाहाची इतकी काळजी असेल तर त्यांनी सोडलेली गोळीच दाह कमी करणारी आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्युपिटर चाचणीत १७,८०२ माणसं होती. त्यांना हृदयविकार झालेला नव्हता, एलडीएल १३० च्या खाली होतं, पण सीआरपी २ किंवा त्याहून जास्त होता. निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन दिलं. त्यांचं एलडीएल ५० टक्क्यांनी आणि सीआरपी ३७ टक्क्यांनी उतरला, आणि अटॅक, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. चाचणी लवकर थांबवली गेल्यामुळे हा आकडा थोडा फुगलेला असू शकतो, असं काही तज्ज्ञ म्हणतात. फायदा मात्र खरा आहे. यजमानांना सांगा की तुम्ही दाहाविरुद्ध लढायला निघालात आणि हातातलं चांगलं हत्यार खाली ठेवलंत. स्टॅटिनने अंग दुखत असेल आणि म्हणून सोडली असेल, तर तेही त्यांना स्पष्ट बोलू द्या. मात्रा बदलता येते, गोळी बदलता येते.

सीआरपी. हा आकडा धुरासारखा आहे असं म्हणायचा मोह होतो, पण मी साधंच सांगते. सीआरपी यकृतात बनतो, इंटरल्युकिन-६ या दाहाचा निरोप नेणाऱ्या प्रथिनाच्या सांगण्यावरून. इंटरल्युकिन-६ च्या मागे इंटरल्युकिन-१ बीटा असतो, आणि तो मॅक्रोफेज सोडतात, त्याही कोलेस्टेरॉलचे स्फटिक टोचल्यावर. सीआरपी स्वतः दोषी नाही. जन्मतःच ज्यांचा सीआरपी जरा जास्त असतो अशा लोकांच्या जनुकीय अभ्यासांत त्यांना त्यामुळे जास्त अटॅक येताना दिसले नाहीत. ज्यांच्यात इंटरल्युकिन-६ चा निरोप जन्मतः क्षीण असतो, त्यांना मात्र हृदयविकार कमी होतो. तेव्हा ‘सीआरपी कमी करायचं औषध’ शोधत फिरू नये.

शिवाय एका तपासणीवर काही ठरत नाही. हृदयासाठी अतिसंवेदनशील पद्धतीची, म्हणजे एचएस-सीआरपी चाचणी लागते. दर लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. पण साधी सर्दी, दाताची गाठ, दुखरा गुडघा यांनीही तो चढतो. १० च्या वर गेला तर आधी कुठे संसर्ग आहे का ते बघतात. म्हणून माणूस ठणठणीत असताना, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करतात. यजमानांचा ४.८ कुठल्या परिस्थितीतला होता, तेव्हा खोकला होता का, हे डॉक्टर विचारतीलच.

लस. इथे त्यांची शंका मी हसण्यावारी नेणार नाही. लस घेतल्यावर शरीरात एक-दोन दिवस सौम्य दाह होतो हे खरंच आहे. पण नेमका हाच प्रश्न ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून तपासला गेला. २००४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. फ्लू, धनुर्वात किंवा न्यूमोनियाची लस घेतल्यानंतरच्या दिवसांत अटॅक वाढले नाहीत. श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर पहिल्या तीन दिवसांत मात्र ते जवळपास पाचपट झाले. पुढे २०१८ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारियोत, प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध झालेल्या रुग्णांमध्ये पहिल्या सात दिवसांत अटॅकचं प्रमाण सहापट आढळलं. आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अटॅकनंतर रुग्णालयात असतानाच अडीच हजारांहून अधिक रुग्णांना फ्लूची लस किंवा नुसतं मीठपाण्याचं इंजेक्शन दिलं. वर्षभरात लस न मिळालेल्यांपैकी ४.९ टक्के दगावले, लस मिळालेल्यांपैकी २.९ टक्के. ज्या माणसाचा अटॅक तापानंतरच आला, त्याने ही लस टाळावी याला मला काही आधार दिसत नाही.

आता ‘दाबायची’ या कल्पनेबद्दल. ती मुळातच चुकीची असती तर एवढ्या मोठ्या चाचण्या झाल्याच नसत्या. २०१७ मध्ये कँटॉस चाचणीचे निकाल आले. अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढलेल्या १०,०६१ रुग्णांना कॅनाकिन्युमॅब किंवा औषध नसलेलं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिलं. हे औषध फक्त इंटरल्युकिन-१ बीटाला अडवतं, कोलेस्टेरॉलला हातही लावत नाही. तरीही १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत हृदयाच्या मोठ्या घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या. दाह हे नुसतं लक्षण नसून कारणाचा भाग आहे, याचा माणसांमधला पहिला ठोस पुरावा हा. पण त्याच चाचणीत जीवघेणे संसर्ग वाढले, आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. हृदयासाठी हे औषध वापरात आलं नाही. मग संधिवाताचं जुनं औषध मेथोट्रेक्सेट कमी मात्रेत देऊन पाहिलं, ४,७८६ रुग्णांवर. काहीच फायदा झाला नाही. सगळी प्रतिकारशक्ती सरसकट दाबून चालत नाही, कुठली वाट अडवायची ते महत्त्वाचं, हे त्यातून कळलं.

गाउट या सांध्यांच्या आजारावर वापरलं जाणारं कोल्चिसिन हे दाहावरच्या औषधांतलं पुढचं नाव. रोज अर्धा मिलिग्रॅम. २०१९ आणि २०२० च्या दोन मोठ्या चाचण्यांत हृदयाच्या घटना २३ आणि ३१ टक्क्यांनी घटल्या आणि २०२३ मध्ये अमेरिकेत या उपयोगासाठी त्याला मान्यता मिळाली. पण २०२४ मध्ये अटॅकनंतर लगेच ते सुरू केलेल्या सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. म्हणजे कोणाला, कधी द्यायचं हे अजून ठरतंय. मूत्रपिंड किंवा यकृत अधू असेल, किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक चालू असेल, तर कोल्चिसिन विषारी ठरू शकतं. डॉक्टरांना ‘आमच्यासाठी याचा विचार करता येईल का’ एवढं विचारा. स्वतः आणून सुरू करू नका.

तुमच्या पावडरींकडे येते, ताई. त्या तुम्ही कशासाठी आणल्यात ते मला समजतं. चार महिने रात्री त्यांचा श्वास ऐकत जागणाऱ्या बाईला हातांना काहीतरी काम हवं असतं. पण ‘प्रतिकारशक्ती वाढते’ असं डब्यावर लिहिलेलं असतं तेव्हा नेमकं काय वाढतं, हे तो डबा सांगत नाही. न्यूट्रोफिल? टी पेशी? आणि टी पेशींतही दाह पेटवणाऱ्या वेगळ्या आणि त्यांना आवरणाऱ्या वेगळ्या. यांपैकी काहीही सरसकट वाढलेलं चांगलं, असं वैद्यकशास्त्र म्हणत नाही. खरी जोखीम मला दुसरीच वाटते: अशा काही मिश्रणांतले घटक गुठळीविरोधी गोळ्यांचा परिणाम वाढवू किंवा घटवू शकतात, आणि सगळे घटक डब्यावर असतीलच असं नाही. डबे फेकून देण्याआधी डॉक्टरांना दाखवा, गेल्या तीन महिन्यांत काय काय पोटात गेलंय ते त्यांना कळायला हवं. अटॅक या पावडरींनी आला नाही, त्या नंतर सुरू झाल्या. एवढं ओझं तरी खाली ठेवा.

तापाचं ओझं त्याहून जड आहे, म्हणून त्याबद्दल गुळमुळीत बोलणार नाही. त्या तापाने अटॅकला धक्का दिला असण्याची शक्यता आहे. अंगात संसर्ग असतो तेव्हा पांढऱ्या पेशी खवळलेल्या असतात, रक्त लवकर गोठतं, हृदयाला जास्त काम पडतं, आणि आधीच पातळ झालेलं आवरण अशा वेळी फाटू शकतं. पण ते आवरण पातळ व्हायला बरीच वर्षं लागली होती. ते आत आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, त्यांना नव्हतं, कुठल्याही डॉक्टरांना नव्हतं. त्या दिवशी दवाखान्यात गेला असतात तरी पन्नाशीच्या, व्यसन नसलेल्या माणसाला बहुधा तापाची गोळी आणि विश्रांतीच मिळाली असती. तुम्ही जे म्हणालात ते बहुतेक घरांत म्हटलं जातं, आणि बहुतेक घरांत ते खरंही ठरतं. तुम्ही चुकला नाहीत. इथून पुढे मात्र नियम बदलला आहे: त्यांना ताप आणि खोकला झाला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

‘काहीच नव्हतं तरी यांनाच का,’ हेही तुमच्या पत्रात ओळींच्या मागे आहे. स्वीडनमधल्या नोंदींत, धमनी पूर्ण बंद होऊन पहिला मोठा अटॅक आलेल्या सुमारे १५ टक्के रुग्णांत धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांपैकी एकही कारण नव्हतं. तुमचे यजमान एकटे नाहीत. यामागे काय काय असू शकतं यावर संशोधन चालू आहे. त्यातला एक धागा असा: वयाबरोबर अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळ पेशीत टीईटी२ किंवा डीएनएमटी३ए अशा जनुकांत बदल होतो, तिच्या वंशातल्या पांढऱ्या पेशी वाढत जातात, आणि त्या जास्त दाह करतात. २०१७ च्या एका अभ्यासात असा बदल असलेल्यांना हृदयविकार जवळपास दुप्पट आढळला. यासाठी आज कुठली तपासणी करायला धावायची गरज नाही, कारण त्यावर वेगळा उपचार अजून नाही. घरात कमी वयात अटॅक आलेले नातेवाईक असतील तर मात्र लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, बहुतांशी आनुवंशिक कण) मोजणारी रक्तचाचणी एकदा करावी का, हे जरूर विचारा.

मग करायचं काय? या पेशींना बोलावणारी कारणं कमी करायची. एलडीएल खाली आणणं त्यात पहिलं, आणि बाकी सगळ्याच्या कितीतरी वर. हे पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला तंबाखू किंवा सिगारेट असेल तर त्यांच्यासाठी ते सोडणं तितकंच वर. पोटावरची चरबी स्वतः दाहाचे निरोप सोडते, ती घटली की सीआरपीही उतरतो. रोज चालणं आणि पुरेशी झोप यांनी अस्थिमज्जेतून निघणाऱ्या दाहक पेशी कमी होतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलं आहे. रुग्णालयात हृदयरुग्णांसाठी देखरेखीखालच्या व्यायामाचा वर्ग असेल तर त्यात नाव घाला. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे जा. हिरड्यांवर उपचार केल्याने अटॅक टळतो असं अजून सिद्ध झालेलं नाही, तरी तो जुना दाह ठेवायचं काही कारण नाही. फक्त दातांच्या उपचारासाठी ॲस्पिरिन मनाने बंद करू नका. ज्यांना आमवात (रुमॅटॉइड संधिवात), सोरायसिस किंवा ल्युपस आहे त्यांनी लक्षात घ्यावं की हे आजार हृदयाचा धोका वाढवतात, आमवातात तो सुमारे दीडपट असतो. अशांनी मूळ आजार आटोक्यात ठेवणं हाच हृदयाचाही उपचार आहे.

यजमानांशी बोलताना ‘तुमचं चुकलं’ इथून सुरुवात करू नका. ते वाचत आहेत, तपासणी करून घेत आहेत, स्वतःला वाचवायला धडपडत आहेत. ती धडपड तुमच्या पावडरीसारखीच आहे. ‘तुम्ही दाहाबद्दल म्हणता ते खरं आहे, डॉक्टरांकडे जाऊन त्यावरच बोलू,’ असं म्हणा. दोघं जा. एका पिशवीत घरातल्या सगळ्या गोळ्या, डबे आणि तो सीआरपीचा कागद घाला. विचारायचे प्रश्न चार: आताचं एलडीएल किती आणि किती हवं, सीआरपी पुन्हा कधी करायचा, गुडघ्यासाठी काय चालेल, आणि लस आजच देता येईल का.

आणि त्या भेटीची वाट पाहताना एवढं ध्यानात असू द्या. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, धाप, यांपैकी काहीही पाच मिनिटांत ओसरलं नाही तर ते दाहामुळे की गॅसमुळे की कशामुळे, यावर घरात चर्चा करू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा, पूर्वीचे कागद आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर घ्या, आणि त्यांना स्वतः गाडी चालवू देऊ नका.